प्रश्नाच्या आधीची चौकशी

हुपरीतल्या एखाद्या चांदी कारखानदाराला कोणी विचारलं, ‘तुमच्याकडे चांदी किती आहे?’, तर आकडा लगेच येत नाही. आधी उलट प्रश्न येतात. कच्ची म्हणता की तयार माल? व्यापाऱ्याने मजुरीवर करायला दिलेली धरायची का? रेंदाळला जोडकामाला गेलेली आहे, ती? वजन सांगू की शुद्ध सांगू? यात टाळाटाळ नसते. प्रश्न नेमका झाल्याशिवाय उत्तर खरं होणार नाही, हे त्याला धंद्याने शिकवलेलं असतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हे गाव पैंजणांसाठी देशभर ओळखलं जातं. एक पैंजण तयार व्हायला अनेक हात लागतात. चांदीची आटणी एकाकडे, तार ओढणं दुसऱ्याकडे, कड्या पाडून त्या एकात एक गुंफणं बहुतेक वेळा घरी बसून काम करणाऱ्या बायकांकडे. मग झाळकाम, घुंगरू बसवणं, उजाळणी. ही घरं फक्त हुपरीत नाहीत. रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड, तळंदगे, सीमेपलीकडचं मांगूर अशी ती पसरलेली आहेत. त्यामुळे कारखानदाराची सगळी चांदी एका छपराखाली क्वचितच असते. ती वहीत असते. अमक्याला इतकी दिली, इतकी परत आली, इतकी घट, इतकी मजुरी.

आता असे हिशेब संगणकात जाऊ लागले आहेत, आणि हिशेबाचे प्रश्न माणसाऐवजी यंत्राला विचारण्याचे दिवस आले आहेत. एआय एजंट म्हणजे साध्या मराठीत विचारलेला प्रश्न घेऊन स्वतः डेटाबेसमध्ये शिरणारा, हवे ते रकाने शोधून बेरजा-वजाबाक्या करून उत्तर आणणारा प्रोग्राम. त्याची अडचण एकच. तो त्या घरात नवखा असतो. कुठल्या कपाटात काय आहे हे त्याला माहीत नसतं. म्हणून त्याच्या हातात एक साधन दिलं जातं, ज्याला स्कीमा डिस्कव्हरी म्हणतात. ते विचारल्यावर सांगतं की इथे इतकी टेबलं आहेत, त्यांत हे रकाने आहेत, या रकान्यात आकडा आहे, त्या रकान्यात तारीख आहे, हे टेबल त्या टेबलाला अमुक क्रमांकाने जोडलेलं आहे. या सगळ्याचं वर्णन कोणीतरी माणूस लिहून ठेवतो. हे वर्णन माहितीपुस्तिकेसारखं कपाटात पडून राहत नाही. एजंट प्रश्न आला की ते वाचतो, त्यावर विश्वास ठेवतो आणि त्याच्या आधाराने उत्तर रचतो.

कल्पना नवी नाही. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल डेटाबेसचा पाया घालणारा निबंध लिहिला. पुढे 1985 मध्ये त्यांनी अशा डेटाबेसचे बारा नियम सांगितले. त्यातला चौथा असा की डेटाबेसने स्वतःबद्दलची माहितीही आपल्या इतर माहितीसारखीच तक्त्यांत ठेवावी, म्हणजे जी भाषा माहिती विचारायला वापरली जाते त्याच भाषेत ‘तुझ्यात काय काय आहे?’ हेही विचारता येईल. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, त्यातही हीच रीत आहे: एजंट आधी ‘तुझ्याकडे कोणती साधनं आहेत?’ असं विचारतो, आणि उत्तरात प्रत्येक साधनाचं नाव व वर्णन येतं.

महाराष्ट्राला याचा एक अस्सल देशी अनुभव आहे, आणि तो संगणकाच्या कितीतरी आधीचा. तलाठ्याच्या दप्तरातले 21 गाव नमुने. सातबारा हा त्यातल्या सातव्या आणि बाराव्या नमुन्यांचा जोड. फेरफार सहाव्यात, वारसाची नोंद सहा-क मध्ये, खातेदाराची सगळी जमीन एकत्र पाहायची तर आठ-अ. मुंबई इलाख्यातले अधिकारी एफ. जी. एच. अँडरसन यांनी या नमुन्यांचं जे मार्गदर्शक पुस्तक तयार केलं, ते महसूल खात्यात आजही ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणूनच ओळखलं जातं. त्याचं मोठेपण नमुन्यांची नावं देण्यात नाही. कोणता नमुना कशावरून भरायचा, कुठल्या नोंदीने कुठली नोंद बदलते, हे ते सांगतं. सातबाऱ्यावर नाव आहे पण फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे, यातला फरक गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही कळतो तो या शिस्तीमुळे.

यंत्राला मात्र तो फरक कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. 2023 मध्ये संशोधकांनी ‘बर्ड’ नावाची एक परीक्षा तयार केली. खऱ्याखुऱ्या, अस्ताव्यस्त डेटाबेसना साध्या भाषेत प्रश्न विचारायचे आणि यंत्राने योग्य क्वेरी लिहायची. जीपीटी-4 हे तेव्हाचं मातब्बर मॉडेल केवळ टेबलांच्या रचनेवर सुमारे 35 टक्के प्रश्न सोडवू शकलं. सोबत रकान्यांचा अर्थ उलगडणारी, माणसांनी लिहिलेली टिपणं दिली तेव्हा ते प्रमाण सुमारे 55 टक्क्यांवर गेलं. जाणकार माणसं त्याच परीक्षेत 93 टक्क्यांच्या आसपास होती. मॉडेल तेच, डेटा तोच. फरक पाडला चार ओळींच्या टिपणाने.

इथे एक जुना तात्त्विक प्रश्न दार ठोठावतो. जे माहीत नाही त्याबद्दल विचारायचं कसं? प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात हा पेच आहे: जे माहीत आहे ते शोधायची गरज नाही, आणि जे माहीतच नाही ते समोर आलं तरी ओळखणार कसं? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात पहिल्याच सूत्रापाशी जवळपास हीच शंका उभी केली आहे. ब्रह्म ज्ञात असेल तर जिज्ञासा कशाला, आणि अज्ञात असेल तर जिज्ञासा होणार कशी? त्यांचं उत्तर असं की ते सामान्यपणे माहीत असतं, विशेषाबद्दल मतभेद असतात, आणि चौकशीला जागा या दोहोंच्या मधोमध असते. स्कीमा डिस्कव्हरीचं काम नेमकं त्याच मधल्या जागेतलं. ते एजंटला सामान्य ज्ञान देतं, म्हणजे विशेष विचारता यावं. पण हे सामान्य ज्ञान चुकीचं निघालं तर पुढची सगळी चौकशी कितीही काटेकोर असो, ती चुकीच्या दिशेने काटेकोर होते.

या प्रश्नाचा सर्वांत नेटका विचार जैन परंपरेने केला आहे. हुपरीच्या पंचक्रोशीत तो परका नाही. याच हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबलीचं क्षेत्र आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या बेळगाव भागात दिगंबर जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि व्यापार करत आला आहे. भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांचं वाचन करण्याची रीत आहे, रोज एक अध्याय. उमास्वामींचा हा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला. त्याच्या पहिल्याच अध्यायात, जीव-अजीव वगैरे तत्त्वांची नावं सांगून झाल्याबरोबर, ग्रंथकार थांबतात आणि ही नावं वापरायची कशी ते सांगतात. तत्त्वचर्चेला अजून सुरुवातही झालेली नसते.

ते म्हणतात, कुठल्याही शब्दाची चार प्रकारे मांडणी होते: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. यालाच निक्षेप म्हणतात. मुलाचं नाव ‘इंद्र’ ठेवलं तर तो केवळ नावाने इंद्र. दगडाची मूर्ती घडवून ‘हा इंद्र’ म्हटलं तर ती स्थापना. जो पुढे इंद्र होणार आहे किंवा पूर्वी होता, तो द्रव्यइंद्र. आणि जो या क्षणी इंद्रपद भोगतो आहे तो भावइंद्र. चौघांनाही भाषा एकच शब्द लावते. आचार्य वीरसेनांची ‘धवला’ ही टीका 816 साली पूर्ण झाली. तिच्या आरंभी ‘मंगल’ या एका शब्दाची अशी फोड पानोपान चालते. हेतू एवढाच, की जो अर्थ इथे लागू नाही तो बाजूला व्हावा आणि जो प्रस्तुत आहे तो पुढे यावा. त्या टीकेच्या आधुनिक संपादनात हिरालाल जैन यांच्याबरोबर ज्यांचा हात होता ते डॉ. आ. ने. उपाध्ये याच परिसरातले. 1906 साली हुपरीपासून फार दूर नसलेल्या सदलग्यात त्यांचा जन्म झाला, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं अर्धमागधी शिकवली.

आता कारखान्याच्या डेटाबेसकडे या नजरेने पाहावं. एका टेबलात ‘चांदी’ नावाचा रकाना आहे. तो मालाच्या प्रकाराचं निव्वळ नाव असू शकतो, त्यात एक ग्रॅमही धातू नसेल. दुसऱ्या टेबलात ‘चांदी’ म्हणून रुपये लिहिलेले असतात, कारण तिथे पैशाने धातूची जागा घेतलेली असते, ती स्थापना. तिसऱ्यात कारागिराकडून परत यायची बाकी आहे. ती उद्याची चांदी आहे, किंवा झीज धरली तर कालची. तिजोरीत आज प्रत्यक्ष तोलली ती फक्त चौथ्यात. एजंटला चारही ठिकाणी एकच नाव दिसतं. त्याला निक्षेप सांगितला नाही तर तो चौघांची बेरीज करील आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत देईल.

उमास्वामी इथेच थांबत नाहीत. पुढच्याच सूत्रांत ते चौकशीची सहा दारं सांगतात: निर्देश, स्वामित्व, साधन, अधिकरण, स्थिती, विधान. वस्तू काय आहे, कोणाची आहे, कशाने झाली, कुठे आहे, किती काळ आहे, तिचे प्रकार किती. सम्यग्दर्शनापासून मोक्षापर्यंत सगळ्या तत्त्वांना हे सहा प्रश्न विचारायचे. आज डेटाबेसच्या रकान्याचं वर्णन लिहायला बसलेल्या माणसाला यापेक्षा चांगली प्रश्नावली सहसा मिळत नाही. बाजारात जी साधनं आहेत त्यांतली बहुतेक निर्देशापाशी थबकतात, म्हणजे रकान्याचं नाव आणि तो आकडा आहे की अक्षरं.

हुपरीपुरतं बोलायचं तर स्वामित्व आणि साधन ही दोन दारं सर्वांत महत्त्वाची. व्यापारी चांदी देतो, कारखानदार ती मजुरीवर घडवतो, पुढे कारागीर त्यातला एक टप्पा करतो. चांदी तिघांच्या हातांतून जाते, मालकी बदलत नाही. वहीत हा फरक दिवाणजीच्या डोक्यात असतो किंवा पानाच्या मथळ्यावर असतो. संगणकात तोच एका छोट्या रकान्यात जातो, आणि त्याला कोणी ‘प्रकार’ असं मोघम नाव देतं, ज्यात 1 आणि 2 असे आकडे असतात. 1 म्हणजे स्वतःची, 2 म्हणजे मजुरीची. हे कुठे लिहिलेलं नसलं तर एजंट दुसऱ्याची चांदी कारखानदाराची म्हणून मोजतो. बँकेला द्यायच्या कागदात तो आकडा गेला तर?

साधनाची गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. ‘टंच’ म्हणजे मालात शंभरात शुद्ध चांदी किती. रकाना साधा वाटतो: 70, 68, 62.5 असे आकडे. पण टंच कशाचा? समजा तार 70 टंचाची आहे आणि तिचं वजन 900 ग्रॅम. कड्या जोडायला 50 टंचाची 100 ग्रॅम झाळ लागली. झाळ लवकर वितळावी म्हणून तिच्यात इतर धातू जास्त असतात. तयार पैंजणात शुद्ध चांदी झाली 630 अधिक 50, म्हणजे 680 ग्रॅम, टंच 68. ज्या टेबलात तारेचा टंच नोंदला आहे त्यावरून तयार मालाची शुद्ध चांदी काढली तर प्रत्येक किलोमागे 20 ग्रॅम हवेतून येतात. पन्नास किलोंवर एक किलो.

आणि टंच काढला कसा, हे तर आणखी वेगळं. एक्स-रे यंत्र पृष्ठभागाखालचा मायक्रॉनमध्ये मोजावा इतकाच थर पाहतं. तापवलेला माल आम्लात उजळला की वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि पृष्ठभाग आतल्यापेक्षा जास्त शुद्ध होतो. यंत्र त्या त्वचेचा आकडा सांगतं. नमुना कापून, विरघळवून रासायनिक पद्धतीने काढलेला टंच आतल्या धातूचा असतो. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. दोन्ही एकाच रकान्यात शेजारी-शेजारी पडले आणि साधन लिहिलं नसलं, तर पुढचा वाचणारा, माणूस असो की यंत्र, त्यांची सरासरी काढील.

अधिकरण आणि स्थिती यांवर फार बोलायला नको. माल कुठल्या गावात आहे आणि आकडा कोणत्या दिवशीचा आहे हे विचारायचं असतं एवढं सगळ्यांनाच मान्य आहे, लिहायचं मात्र राहून जातं.

एकाच धातूचे दोन हिशेब खरे कसे असू शकतात, यासाठी जैन न्यायात एक कथा आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसा’ ग्रंथात ती आहे. (बाहुबली क्षेत्राला ज्यांच्यामुळे आजचं रूप आलं ते समंतभद्र महाराज विसाव्या शतकातले, हे आचार्य कितीतरी प्राचीन.) सोन्याचा घडा मोडून मुकुट करतात. ज्याला घडा हवा होता तो रडतो, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद होतो, आणि ज्याला फक्त सोनं हवं होतं त्याला काहीच वाटत नाही. तिघंही बरोबर आहेत, कारण वस्तू नष्ट होणं, उत्पन्न होणं आणि टिकून राहणं या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी घडल्या. हुपरीत हे रोज घडतं. न खपलेले पैंजण आटवून पुन्हा तारेला जातात. मालाच्या टेबलातून शंभर जोड नाहीसे होतात, धातूच्या टेबलात किलोंची भर पडते. मालाचं टेबल पर्यायाच्या, म्हणजे बदलत्या रूपाच्या, नयाने बोलतं, धातूचं द्रव्याच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या वस्तूच्या. जो एजंट पहिलंच टेबल वाचतो तो ‘शंभर जोड कमी आहेत’ असा अहवाल देतो आणि त्याच्या दृष्टीने तो खोटं बोलत नसतो.

नसण्याचाही प्रश्न आहे, आणि भारतीय तत्त्वज्ञांनी तो पाश्चात्त्यांपेक्षा अधिक गांभीर्याने घेतला असं म्हणायला हरकत नाही. न्याय-वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थाचं स्थान देऊन त्याचे चार प्रकार केले. वस्तू अजून झाली नाही तो प्रागभाव. होऊन गेली तो प्रध्वंसाभाव. कधीच नाही तो अत्यंताभाव. आणि ही ती नव्हे, तो अन्योन्याभाव. डेटाबेसमधला रिकामा रकाना बोलत नाही की तो यांतला कुठला. सोन्याच्या दागिन्यांना सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक 2021 पासून लागू झाला. चांदीसाठी तो 1 सप्टेंबर 2025 पासून आला, पण ऐच्छिक. म्हणजे एखाद्या पैंजणापुढे तो रकाना रिकामा असेल तर माल त्या तारखेआधीचा असू शकतो, किंवा नंतरचा असून हॉलमार्किंगला पाठवलेलाच नसेल, किंवा पाठवला आहे आणि क्रमांक यायचा आहे, किंवा आला आणि टंकायचा राहिला. एजंटला विचारलं, ‘हॉलमार्क नसलेला माल किती?’, तर तो रिकामे रकाने मोजतो.

कॉड यांना हे टोचत होतं. 1990 च्या पुस्तकात त्यांनी रिकामेपणाचे दोन प्रकार वेगळे करायला सांगितले: लागू आहे पण माहिती नाही, आणि मुळात लागूच नाही. व्यवहारात हा भेद डेटाबेस बनवणाऱ्यांनी फारसा स्वीकारला नाही. मीमांसकांनी तर आणखी एक अट घातली होती. वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असं म्हणता येत नाही. असती तर दिसली असती, अशी स्थिती असेल तरच न दिसणं हे नसण्याचं प्रमाण होतं. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून घागर नाही, हा निष्कर्ष ते अमान्य करतात. डेटाबेसच्या वर्णनात ही अट एका वाक्यात लिहिता येते: ‘हा रकाना 1 सप्टेंबर 2025 नंतरच्या नोंदींसाठीच भरला जातो, त्याआधीच्या मालाबद्दल यातून काही ठरवू नये.’

यावर हुशार लोकांचा एक आक्षेप असतो. यंत्र आता इतकं पुढे गेलं आहे की ते रकान्यात डोकावून, नमुन्याच्या ओळी पाहून अर्थ आपोआप लावील. माणसाने वर्णनं लिहीत बसायची गरज काय? आक्षेपात तथ्य आहे. 70, 68, 62.5 पाहून हे टक्के आहेत हे यंत्र ओळखतं. तारीख उलटी लिहिली आहे, वजन ग्रॅममध्ये आहे की किलोमध्ये, हेही बऱ्याचदा ओळखतं. पण 68 हा आकडा तारेचा की तयार मालाचा, हे त्या आकड्यात कुठेच नाही. 1 आणि 2 मधला मालक कोण, हे 1 मध्ये नाही आणि 2 मध्येही नाही. ते दिवाणजीला माहीत आहे, कारखानदाराला माहीत आहे, आणि झाळकाम करणाऱ्याला तर सर्वांत जास्त माहीत आहे. जे डेट्यात नाही ते डेट्यातून काढता येत नाही. ते सांगावंच लागतं.

आणि सांगणाऱ्याची जबाबदारी साधी नाही. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात बोलण्याच्या तीन तऱ्हा वेगळ्या केल्या, आणि मल्लिषेणांनी 1292 साली ‘स्याद्वादमंजरी’त त्यांचा विस्तार केला. ‘आहेच’ असं म्हणून बाकी सगळं नाकारणं हा दुर्नय. ‘आहे’ एवढंच म्हणणं हा नय. ‘एका अपेक्षेने आहे’ असं म्हणणं हे प्रमाण. ‘हा रकाना शिल्लक साठा दाखवतो’ हे वाक्य पाहायला निरुपद्रवी आहे, पण यंत्र ते पहिल्या तऱ्हेने वाचतं: हाच साठा, एवढाच साठा. ‘कार्यालयातल्या काट्यावर संध्याकाळी तोललेला साठा, कारागिरांकडे असलेला माल यात नाही’ असं लिहिलं तर तेच वाक्य आपली मर्यादा सोबत घेऊन येतं. वस्तूला अनंत धर्म असतात, सगळे लिहिणं कोणालाच शक्य नाही, हे जैनांचा अनेकांतवाद पहिल्याच पायरीवर मान्य करतो. पूर्ण लिहिण्याचा हट्ट तो धरत नाही; आपण कुठल्या बाजूने पाहतो आहोत तेवढं सांगायला लावतो.

हे न सांगण्याला पाप म्हणावं का? तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय व्रतांचा आहे, आणि तिथे असत्याची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी बांधलेली आहे. फसवण्याचा डाव असलाच पाहिजे असं नाही. दुसऱ्याला इजा होईल असं बेफिकीर बोलणंही त्यात येतं. त्याच अध्यायात सत्यव्रताचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत. खोटा उपदेश, खोटे दस्त लिहिणं यांच्याबरोबर तिथे ठेवीच्या अपहाराचं नाव आहे. पाचव्या-सहाव्या शतकातले आचार्य पूज्यपाद ‘सर्वार्थसिद्धी’त तो असा समजावतात: कोणी सोनं वगैरे ठेव ठेवली, किती ठेवलं ते तो विसरला, आणि परत घेताना कमी मागू लागला, तेव्हा ज्याच्याकडे ठेव आहे त्याने ‘हो, एवढंच’ असं म्हणणं. विलक्षण गोष्ट अशी की हा दोष चोरीच्या खात्यात नाही, सत्याच्या खात्यात आहे. हात कुठेच चालला नाही. फक्त एका चुकीच्या आकड्याला होकार दिला गेला. (खोटी मापं आणि भेसळ मात्र चोरीच्या अतिचारांत गणली आहेत.)

पूज्यपादांचा तो ठेवीदार हुपरीच्या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभा असतो. व्यापाऱ्याने कारखानदाराकडे ठेवलेली चांदी, कारखानदाराने कारागिराकडे ठेवलेली चांदी. समजा एजंटला विचारलं, ‘कोणाकडे घट जास्त येते?’ त्याने दिलेली चांदी आणि परत आलेली चांदी वजा केली. दिलेल्या वजनात झाळही होती आणि तिचा टंच दुसऱ्या टेबलात आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून सगळं दिलेलं वजन तारेच्या टंचाने आणि परत आलेलं मालाच्या टंचाने मोजलं गेलं. यादीत सर्वांत वर नाव आलं जोडकाम करणाऱ्या एका बाईचं, जिच्या मालाला सांधे सर्वांत जास्त, म्हणून झाळ सर्वांत जास्त. तिच्या घरी ना संगणक, ना ती यादी पाहण्याची सोय. पुढच्या आठवड्यात तिला काम कमी मिळेल आणि कारण कोणी सांगणार नाही. तिच्यावर चोरीचा आळ आला आहे, हे तिला कळणारही नाही. ज्याने रकान्याचं वर्णन ‘टंच: टक्के’ एवढ्यावर सोडलं त्याला तिचं नावही माहीत नसतं.

म्हणून हे वर्णन कोण लिहितं याला मोल आहे. पुण्या-बेंगळुरात बसलेला प्रोग्रामर रकान्याचा प्रकार बिनचूक लिहील, पण त्याचा मालक त्याला ठाऊक नाही. दिवाणजीला ठाऊक आहे, पण त्याला कोणी विचारत नाही. झाळकामवाल्याला झाळीचा टंच विचारला तर तो हातातलं काम न थांबवता सांगतो. या तिघांना एका टेबलाशी बसवून एकेक रकाना पुढे घेतला, आणि उमास्वामींचे सहा प्रश्न ओळीने विचारले, तर हुपरीतल्या मध्यम कारखान्याचा सगळा डेटाबेस काही दिवसांत बोलका होईल. ‘टंच’पुढे मग असं काही लिहिलेलं असेल: शंभरात शुद्ध चांदी, तयार मालाची, झाळीसह, 2024 च्या आधीच्या नोंदींत तारेची, झाळ धरलेली नाही, यंत्राने काढला असल्यास शेजारच्या रकान्यात ‘य’, प्रयोगशाळेत काढला असल्यास ‘प्र’, रिकामा असल्यास काढलेला नाही, शून्य समजू नये, कारागिराच्या घटीचा हिशेब केवळ यावरून करू नये, झाळवाटपाचं टेबल सोबत पाहावं.

आणि त्या टिपणाखाली तारीख हवी, ते कोणी कोणाला विचारून लिहिलं ते हवं, आणि चूक आढळली तर ती सांगण्याचा अधिकार जोडकाम करणाऱ्या बाईलाही हवा, तिला वाचता येईल अशा मराठीत.